एकेरी दुवा: हायलाइनच्या लीशविषयी प्रस्तावना

हायलाइनच्या बांधणीत जवळपास प्रत्येक गोष्ट दुहेरी असते. जिच्यावरून चालायचे ती मुख्य पट्टी, म्हणजे मेनलाइन, आणि तिच्याखाली सैल झुलणारी दुसरी, बॅकअपची पट्टी. कड्यावर एकाच बोल्टच्या भरवशावर कोणी राहत नाही. अनेक बोल्ट किंवा भक्कम धोंडे निवडून भार त्यांच्यात वाटून दिलेला असतो. पट्टी घट्ट धरणारी कळ निसटलीच तर तिच्यामागे आणखी एक जोडणी तयार असते. पट्टीवर सरकणाऱ्या रिंगासुद्धा बहुतेक जण दोन घालतात. एवढे सगळे दुहेरी करून झाल्यावर चालणारा माणूस या पसाऱ्याशी जोडलेला असतो तो मात्र एका दोराने. दीड मीटरच्या आसपासचा हा दोर एका टोकाला रिंगांना आणि दुसऱ्या टोकाला कमरेच्या हार्नेसला बांधलेला असतो. त्याला लीश म्हणतात. हार्नेस एक, लीश एक, आणि दोघांना जोडणारी गाठही एकच. ही पुस्तिका या एकेरी दुव्याबद्दल आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे: लीश निवडताना ती किती वजन पेलते याच्याही आधी ती किती सहज तपासता येते ते पाहावे, आणि जे उघडून पाहता येत नाही ते कमरेला बांधू नये.

खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी थोडे मागचे सांगायला हवे. साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची पट्टी दोन झाडांना बांधून तिच्यावर चालणे म्हणजे स्लॅकलाइन. तीच पट्टी दरीवर गेली की हायलाइन. डोंबाऱ्याच्या दोराशी तिचे नाते दूरचे आहे. त्याचा दोर ताठ असतो आणि तोल साधायला हातात बांबू असतो; इथे पट्टी पायाखाली डुलत राहते आणि हात मोकळे असतात. हा खेळ कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात प्रस्तरारोहकांमध्ये वाढला. स्कॉट बाल्कम यांनी १९८५ साली तिथल्या लॉस्ट ॲरो स्पायर या सुळक्याकडे जाणारी सुमारे १७ मीटरची फट पट्टीवरून ओलांडली. २०२१ मध्ये स्वीडनच्या उत्तर टोकाला लॅपोर्टेन इथे दोन किलोमीटरहून लांब हायलाइन बांधली गेली, आणि २०२२ मध्ये नाथान पोलाँ हा फ्रेंच खेळाडू माँ-साँ-मिशेलला २,२०० मीटर चालून गेला. या काळात पट्ट्या बदलल्या, त्या ताणण्याची आणि जोडण्याची पद्धत बदलली, स्वित्झर्लंडमधून काम चालवणारी इंटरनॅशनल स्लॅकलाइन असोसिएशन उभी राहिली. लीशची मूळ कल्पना मात्र तशीच राहिली: दोर, गाठ, रिंग.

या दोरावर येणारा भार समजून घेतल्याशिवाय निवडीची चर्चा पोकळ होते. उभ्या माणसाच्या कमरेची गाठ पट्टीपासून साधारण एक मीटर वर असते. लीश दीड मीटरची धरली तर तोल जाऊन पडणारा माणूस दोर ताठ होईपर्यंत एक अधिक दीड, म्हणजे अडीच मीटर खाली येतो. पडण्याचे अंतर भागिले दोराची लांबी, या हिशेबाला गिर्यारोहक फॉल फॅक्टर म्हणतात. इथे तो १.६७ च्या आसपास भरतो. गिर्यारोहणाच्या दोरांची यूआयएए ही आंतरराष्ट्रीय संघटना जी चाचणी घेते, तिच्यात ८० किलोचे वजन १.७७ फॉल फॅक्टरने पाडतात, आणि त्या पहिल्या पतनात दोराने माणसापर्यंत पोहोचवलेला झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो वजनाचा ओढा. आकडे इतके जवळ पाहून छातीत धस्स व्हावे, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसे घडत नाही. कारण लीशचे दुसरे टोक खडकात ठोकलेले नसून लवचीक पट्टीवर असते, आणि लांब लाइनच्या मध्यावर ती पट्टी मोठ्या स्प्रिंगचे काम करते. शिवाय सरावलेला खेळाडू पडता पडता हातांनी पट्टी धरतो, आणि लीशवर भार येतच नाही.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. पट्टीच जर एवढा झटका शोषून घेते, तर लीशसाठी ताणला जाणारा डायनॅमिक दोर कशाला? कमी ताणला जाणारा सेमी-स्टॅटिक दोर, किंवा वजनाला हलकी आणि कमालीची मजबूत डायनीमाची पट्टी का नको? लांब लाइनच्या मधोमध उभे राहून पाहिले तर आक्षेपात तथ्य आहे. पण प्रत्येक चाल कड्याच्या काठावरून सुरू होते आणि काठाशीच संपते. अँकरपासून, म्हणजे कड्यावरच्या जोडणीपासून, चार पावलांवर पट्टी फारशी दबत नाही. वीस मीटरची, कडक ताणलेली लाइन तर मधोमधसुद्धा फार देत नाही. त्या जागी डायनीमासारखा जवळजवळ न ताणला जाणारा धागा असेल, तर अडीच मीटरच्या पतनाचा सगळा हिशेब हार्नेसवर आणि पाठीच्या कण्यावर चुकता होतो. डीएमएम या वेल्श कंपनीने केलेल्या पतन-चाचण्यांत डायनीमाच्या स्लिंग अशा छोट्या, सरळ अँकरवरच्या पडण्यातही तुटल्या आहेत, आणि त्यांच्यात गाठ मारलेली असेल तर अधिक लवकर. शिवाय डायनीमा १४५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, नायलॉन २०० च्या बराच पुढे. घर्षणाच्या जागी हा फरक मोठा आहे. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: ९ ते १० मिलिमीटरचा, गिर्यारोहणाचा सिंगल प्रमाणपत्र असलेला नायलॉनचा डायनॅमिक दोर. फक्त लांब लाइनवरच चालणाऱ्यांनी प्रमाणित सेमी-स्टॅटिक दोर वापरला तर मी हरकत घेणार नाही. डायनीमाला घेईन.

मात्र दोराच्या प्रकारावर वाद घालताना आपण एका सोयीच्या प्रश्नात अडकतो. त्याला आकड्यात उत्तर देता येते, म्हणून तो आवडतो. माणसे मेली कशाने, हे पाहिले की चित्र वेगळे दिसते. जर्मन आल्पाइन क्लबच्या सुरक्षा संशोधनाची धुरा अनेक वर्षे वाहिलेले पिट शुबर्ट यांनी दोर तुटण्याच्या घटनांचा माग काढला, तेव्हा त्यांना आधुनिक दोर गाठीत किंवा नुसत्या पडण्याच्या भाराने तुटताना आढळले नाहीत. आढळली ती दोन कारणे: धारदार कड आणि आम्ल. गाडीच्या डिकीत बॅटरीतल्या आम्लाची वाफ किंवा थेंब लागलेला दोर वरून चांगला दिसतो आणि वजन येताच तुटतो. म्हणजे चांगल्या दोराची ताकद हा प्रश्न कारखान्याने बऱ्याच अंशी सोडवलेला आहे. उरलेला प्रश्न आपल्या डोळ्यांचा आणि हातांचा आहे.

गिर्यारोहणातले तीन अपघात याच दिशेने बोट दाखवतात. ते हायलाइनवरचे नाहीत, पण लीशमधला प्रत्येक सांधा त्यांत आहे. १९८९ साली फ्रान्समधल्या बुऊ इथे लिन हिल या त्या काळातल्या अग्रगण्य प्रस्तरारोहकाने दोर हार्नेसमधून ओवला आणि गाठ पुरी केली नाही. अंगातल्या जाकिटाखाली ते झाकले गेले. वर पोहोचून खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकला आणि ती वीस मीटरहून अधिक खाली आली. झाडाच्या फांद्यांनी तिला वाचवले. दोर नवा होता की जुना, किती किलोन्यूटनचा होता, याचा त्या अपघाताशी काहीही संबंध नव्हता. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये टॉड स्किनर हा अमेरिकेतला कसलेला गिर्यारोहक योसेमिटीतल्या लीनिंग टॉवरवरून रॅपल करताना पडून मरण पावला. त्याच्या हार्नेसचा बिले लूप, म्हणजे पुढची भार घेणारी कापडी कडी, तुटला होता. तिथली झीज जोडीदाराच्या आधीच लक्षात आली होती, ती बोलून दाखवली गेली होती, नवे हार्नेसही मागवलेले होते. एकाच जागी घट्ट अडकवलेली स्लिंग कापडाच्या त्याच चार धाग्यांवर घासत राहिली, म्हणून कागदोपत्री कितीतरी पट मजबूत असलेला तो लूप एका माणसाच्या वजनाला गेला. आणि २०१३ च्या जुलैत फ्रान्समध्येच ऑर्पिएर इथे टीटो ट्राव्हर्सा हा बारा वर्षांचा इटालियन मुलगा गेला. त्याने वापरलेल्या क्विकड्रॉंमध्ये, म्हणजे छोट्या स्लिंगने जोडलेल्या कॅराबिनरच्या जोड्यांमध्ये, कॅराबिनर स्लिंगच्या शिवलेल्या कडीतून न जाता नुसत्या रबराच्या कडीत अडकवलेले होते. रबराची ती कडी कॅराबिनर हलू नये म्हणून असते. भार पेलण्यासाठी नसते. बाहेरून मात्र क्विकड्रॉ बरोबर जोडल्यासारखा दिसतो.

अर्धवट गाठ जाकिटाखाली होती, झीज एकाच जागी साठली होती, आणि चुकीची जोडणी रबराने नीटनेटकी दिसत होती. तिन्ही ठिकाणी सामान नव्या स्थितीत पुरेसे होते. त्याची खरी स्थिती नजरेआड राहिली, किंवा नजरेत येऊनही कृती लांबली. हायलाइनची लीश या तिन्ही गोष्टींना एकाच वेळी वाव देते. दोर पायात अडकू नये म्हणून अनेक जण लीशवर प्लॅस्टिकची नळी चढवतात. नळीत दोर दिसत नाही. रिंगेवरची गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळतात. चिकटपट्टीखाली दोराचे शेपूट किती उरले आहे ते दिसत नाही. रिंग दोराच्या एकाच वळणावर शेकडो मीटर घासत जाते. ते वळण गाठीच्या आतल्या बाजूला असते. आणि लाइनवर बसताना हार्नेसची गाठ टी-शर्टच्या किंवा जाकिटाच्या घोळाखाली जाते. चांगला बॅकअप जिथे देता येत नाही तिथे निदान हे चारही आडोसे काढून टाकणे आपल्या हाती आहे.

त्यातून निवडीचे नियम आपोआप निघतात. दोराचा रंग फिका घ्यावा; काळ्या दोरावर काजळी, जळालेला चकचकीत डाग आणि तुटलेले धागे सारखेच दिसतात. नळी हवीच असेल तर पारदर्शक आणि सरकवता येणारी घ्यावी. हार्नेसला लीश बांधताना कॅराबिनर मध्ये घालू नये; त्याचे दार उलट्यासुलट्या हालचालीत उघडू शकते किंवा तो आडवा होऊन आडव्या बाजूने भार घेतो. दोराचे टोक हार्नेसच्या वरच्या-खालच्या दोन्ही टाय-इन लूपमधून ओवून फिगर ऑफ एटची गाठ त्याच वाटेने परत फिरवून घट्ट करावी आणि हातभर शेपूट सोडावे. या गाठीचे दोन दोर समांतर धावतात की नाही ते दोन मीटरवरून दुसऱ्यालाही कळते. म्हणूनच ती निवडायची. बोलाइन सोडायला सोपी, हे खरे, आणि जाणकार हातात ती वाईटही नाही, पण चुकलेली बोलाइन बरोबर असल्याचा भास देते. लांबीबद्दल एवढेच: चालताना कमरेला ओढ बसू नये इतकी लांब, आणि लटकल्यावर परत पट्टी गाठता येईल इतकी आखूड.

रिंगांवर थोडे थांबायला हवे. रिंग अखंड, बिनजोडाची लागते आणि लाइन बांधतानाच पट्टीत ओवून ठेवावी लागते. मध्येच कॅराबिनर लावून काम भागवणे हा शॉर्टकट मला कुठल्याही कारणाने मान्य नाही. ॲल्युमिनियम हलके, म्हणून चालणाऱ्याला आवडते. लांब लाइनवर रिंगांचे वजन मागून सतत ओढत असते, ही तक्रार खोटी नाही. पण ॲल्युमिनियम मऊ असते. शॅकलवर किंवा बेसाल्टवर आपटले की त्यावर धातूचे बारीक कुसळ उभे राहते आणि ते कुसळ एकाच वेळी पट्टीही कापते, दोरही. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही कधी कधी लागत नाही. कापसाचा बोळा रिंगेच्या आतून सावकाश फिरवावा. जिथे तंतू अडकला तिथे कुसळ आहे. घासलेले ॲल्युमिनियम दोरावर काळा थर सोडते, आणि हा थर नेमका त्याच वळणावरची झीज झाकतो. म्हणून ठरावीक मुदतीने रिंगेवरची गाठ पूर्ण सोडावी, वळण साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे, आणि दोर अंगठा व तर्जनीमध्ये धरून घट्ट वाकवून पाहावा. शाबूत दोर गोल कमान धरतो. आतला गाभा तुटलेला असेल तिथे तो मुडपलेल्या पाइपसारखा चपटा मोडतो. तसे काही नसले तरी गाठ पुन्हा मारताना वळणाची जागा काही सेंटिमीटर सरकवावी, म्हणजे झीज एकाच ठिकाणी साठत नाही. स्किनरच्या लूपला हीच संधी मिळाली नाही.

कारखान्यात शिवलेली, प्रमाणित लीश घेतली की हे सगळे टळते, असे म्हणणारे आहेत. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. यंत्राची शिलाई गाठीपेक्षा सहसा कमी ताकद खाते, आणि नवख्याला चुकीची गाठ मारण्याची संधी निदान एका टोकाला मिळत नाही. तरी दोन अडचणी उरतात. शिलाईवर सहसा प्लॅस्टिकचे आवरण असते, त्यामुळे टाके उसवले आहेत का ते कळत नाही. आणि शिवलेल्या टोकातली झिजलेली जागा सरकवता येत नाही, पूर्ण लीशच टाकावी लागते. प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या वस्तूला मिळते, पाचव्या पावसाळ्यातल्या वस्तूला नाही. पारदर्शक आवरणाची शिवलेली लीश मिळाली आणि ती वेळेवर टाकून देण्याची तयारी असली, तर ती जरूर घ्यावी. न तपासण्याची मुभा म्हणून घेऊ नये.

सह्याद्रीत दोर वापरणाऱ्यांना देखभालीचे वेगळे पथ्य आहे. नागफणीसारख्या कड्यांवर व्हॅली क्रॉसिंग आणि रॅपलिंग करणाऱ्या मंडळांना ते ठाऊक आहे, पण हायलाइनच्या सामानाला ते अजून लावले जात नाही. भिजलेले नायलॉन अधिक ताणते आणि थोडे कमजोर होते. चार महिन्यांच्या दमट हवेत सॅकमध्ये कोंबलेली लीश कोरडी दिसली तरी आतून ओली राहू शकते. ती सावलीत, मोकळ्या हवेत वाळवावी. उन्हात टाकू नये, कारण अतिनील किरण नायलॉनचे धागे कुरतडतात, आणि लाइनवर दिवस-दिवस लटकून तिने ते आधीच पुरेसे खाल्लेले असतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पोलादी रिंगांवर मिठाचा गंज पाहावा. आणि आम्लाचा धोका जर्मन गाडीच्या डिकीपुरता नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत माळ्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी असते आणि डोंगराचे सामान त्याच कोपऱ्यात जाते. ते सामान आजच तिथून हलवावे.

सर्वात वजनदार आक्षेप तपासणीच्या सवयीवरचा आहे. रोज तेच तेच पाहिले की माणूस पाहणे सोडतो आणि ओठांनी फक्त यादी म्हणतो. हे खरे आहे. लिन हिलला गाठ मारता येत नव्हती असे कोण म्हणेल? सवय मुरलेली असते म्हणूनच हात अर्ध्यात थांबले तरी मन काम पूर्ण झाल्याची नोंद करते. यावर उपाय स्वतःला बजावणे हा नाही. दुसऱ्या माणसाने पाहावे, आणि पाहताना हात लावावा. काठावर बसलेल्याने जाकीट वर करून गाठ दाखवायची. सोबत्याने गाठीचे दोन दोर बोटाने मागोवा घेत शेपटापर्यंत जायचे, मग लीशवरून रिंगेपर्यंत, आणि दोन्ही पट्ट्या दोन्ही रिंगांमधून गेल्या आहेत याची खात्री करून मगच तोंडाने ‘ठीक’ म्हणायचे. ज्याने गाठ मारली त्याला त्या वेळी बोलण्यात गुंतवू नये. यात दहा-पंधरा सेकंद जातात.

लीशशिवाय चालणाऱ्यांचे काय, असाही प्रश्न विचारला जातो. जर्मनीचा फ्रीडी क्यूने २०१७ मध्ये फ्रान्सच्या व्हेर्दों घळीवर ११० मीटरची लाइन विनालीश चालला. त्या धैर्याबद्दल मी काही उणे बोलणार नाही. पण लॅपोर्टेनच्या लाइनवर चढलेल्यांत तोही होता, आणि तिथे लीश होती. आपल्या क्षमतेच्या टोकावर चालायचे तर पडणे गृहीत धरावेच लागते, आणि पडणे गृहीत धरणाऱ्यालाच नवे काही शिकता येते. लीश नसती तर हा खेळ १७ मीटरपाशीच अडकला असता.

शेवटी पैशाचा मुद्दा, जो आपल्याकडे मोकळेपणाने बोलला जात नाही. सामान परदेशातून येते, महाग पडते, म्हणून मंडळातला जुना क्लाइंबिंगचा दोर कापून लीश करण्याकडे कल असतो. पण लीशला लागतो जेमतेम तीन-चार मीटर दोर, गाठींसकट. सगळ्या हायलाइनच्या खर्चात हा सर्वात स्वस्त तुकडा आहे, आणि बॅकअप नसलेला तुकडाही हाच. नवा दोर विकत घेऊन त्याचे चार-पाच जणांत तुकडे केले तर माणशी खर्च एका डोंगरवारीच्या प्रवासखर्चाच्या घरात येतो. अनेक उत्पादक कापडी सामानाला न वापरताही जास्तीत जास्त १० वर्षांची मर्यादा घालतात. नियमित वापरातली लीश त्याच्या किती तरी आधी बाद व्हायला हवी. प्रत्येक लीशच्या शेपटाला वर्ष आणि महिना लिहिलेली छोटी पट्टी शिवावी, म्हणजे वयाबद्दल वाद होणार नाही. बाद झालेली लीश ‘खालच्या कामाला’ म्हणून खुंटीवर टांगू नये. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती बाद का केली हे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि नव्या मुलाच्या हाती ती खुंटीवरून सहज येते. तिचे हातभर लांबीचे तुकडे करावेत. त्यांवर नवख्यांना गाठी शिकवता येतात, आणि इतक्या आखूड तुकड्यावर कोणी चुकूनही लटकू शकत नाही.